येळवशीला रानात गेलेला नाताळ

आमच्या नांदेडच्या घरी नाताळची सजावट लावताना कुणी कुणाला काही विचारत नसे, पण काढताना मात्र कायदा होता. ज्यानं जे लावलं त्यानंच ते काढायचं. दिव्याची कागदी चांदणी बाबा लावायचे, ती बाबाच उतरवायचे. झुरमुळ्या माझ्याकडे आणि येशूजन्माच्या गोठ्यातल्या मूर्ती आईकडे. सजावट काढायचा दिवस ठरलेला, सहा जानेवारी. एका वर्षी नेमका त्या दिवशी मला ताप भरला, तर झुरमुळ्या पुढचे दहा दिवस भिंतीवर तशाच लोंबत राहिल्या आणि संक्रांतीचा तिळगूळ आम्ही त्यांच्याखाली उभं राहून वाटला. बाबांचं म्हणणं असं, की गाठ कुठे मारली ते लावणाऱ्याच्या हातालाच ठाऊक असतं, दुसरा माणूस नुसता ओढतो आणि फाडतो. मला हा कायदा थेट बायबलातला वाटायचा. तो फक्त आमच्या घरातला आहे हे कॉलेजात गेल्यावर एका मैत्रिणीकडे कळलं आणि तिथे माझं चांगलंच हसं झालं.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. गोठ्यातल्या नऊ मूर्ती त्यांनीच केलेल्या: मरीया, योसेफ, बाळ, दोन मेंढपाळ, तीन राजे आणि एक गाय. शाडूच्या, वीतभर उंच, पोस्टर कलरनं रंगवलेल्या. बाळाच्या भुवया एका केसाच्या कुंचल्यानं काढल्यात असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. घरी बिल घेऊन आलेल्या गॅसवाल्यालाही सांगितलेलं मला आठवतंय. आई गेल्यावर मूर्ती मांडायचं आणि आवरायचं काम माझ्याकडे आलं. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी ते खोकं दोरी बांधून माझ्या हातात दिलं. जिथं तू तिथं हे, एवढंच म्हणाले आणि पंखा बंद करायचं निमित्त काढून आत गेले.

नवरा आणि मी अहमदपूरला एकाच बँकेत. तो चाकूरजवळच्या एका गावचा, शेतकरी घरातला, हिंदू. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. दोन्हीकडच्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, मग हळूहळू सरळ केली. सासरे आधीच गेलेले. घरात सासूबाई एकट्या, आणि शेतीही त्याच माणसं लावून बघायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. नवऱ्याशी माझा करार झाला होता: एक वर्ष गावात राहून बघायचं, नाही जमलं तर अहमदपूरला खोली घ्यायची आणि दोघांनी तिकडे राहायला जायचं. नाही जमलं म्हणजे नेमकं काय, हे ठरवायचा अधिकार मी माझ्याकडे ठेवला होता.

आत्याबाई भांडत नव्हत्या, हीच माझी अडचण होती. भांडण मला जमतं. त्या मात्र काही बोलतच नसत. मी रविवारी चर्चला नांदेडला निघाले की डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या, संध्याकाळी परत आले की दमलीस का विचारायच्या, आणि चर्च या शब्दाला वळसा घालून बरोबर पुढे जायच्या. मी त्यांच्या प्रत्येक सणाला पुरणाच्या पोळ्या लाटल्या. माझ्या सणाचं काय होतं ते बघू, असं मनाशी धरून मी डिसेंबरची वाट बघत होते. एखाद्या मास्तरासारखी, पेपर आधीच काढून ठेवलेला.

डिसेंबर लागला आणि मी स्लॅबच्या कडेला चांदणी टांगली. दोन दिवसांनी समोर राहणाऱ्या माझ्या चुलतसासूबाई अंगणात येऊन बसल्या. मी आत कणीक मळत होते. दिवाळीचा कंदील अजून काढला न्हाई का, असं त्यांनी विचारलेलं मला नीट ऐकू आलं. आत्याबाईंनी काय उत्तर दिलं तेही ऐकू आलं. राहून गेलाय, पोरांना येळ कुठं असतो, असं त्या म्हणाल्या.

माझे हात कणकेतच थांबले. त्या चिडल्या असत्या, असलं काही आमच्या घरावर नको म्हणाल्या असत्या, तर मी उत्तर दिलं असतं. पण माझ्या नाताळला त्यांनी उरलेली दिवाळी करून टाकलं होतं. मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अहमदपूरच्या बसस्टँडमागे एक खोली बघून आले. खरं तर दोन खोल्या होत्या, सकाळचं ऊन येत होतं, नळ घरात होता. सहा जानेवारीला सजावट काढायची, खोकी भरायची आणि तीच खोकी उचलून इकडे यायचं, असं मी खोलीवाल्याला सांगूनही टाकलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं, करार करारच आहे म्हणाला आणि त्या रात्री भाकरी अर्धीच खाऊन उठला. आईला काय ते सहा तारखेनंतर सांगू, असं आमचं ठरलं.

गोठा तरीही मांडला. उलट जरा हट्टानंच मांडला, बैठकीत, दारातून शिरणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसेल असा. पुठ्ठ्याचा सांगाडा केला, वर म्हशीच्या वैरणीतला मूठभर कडबा घातला. आत्याबाई शेंगा सोलत बघत होत्या. ही कोण माणसं, असं त्यांनी विचारलं. मी तुटक उत्तर दिलं. म्हटलं, ही बाई परगावी आली होती, दिवस भरले होते, कुणी जागा दिली नाही, म्हणून गोठ्यात बाळंत झाली. आकाशात बाळाची चांदणी दिसली, ती बघून हे तिघे भेटी घेऊन आले. आत्याबाईंनी मूर्तींवरून एकदा नजर फिरवली, बोटानं मोजल्यासारखी.

"सगळे गडीच हायत की. बाळंतिणीजवळ बाई कुणीच न्हाई?"

मी म्हटलं, नव्हती. त्यांनी शेंगांचं सूप उचललं आणि आत गेल्या. हा पण एक टोमणाच, असं मी तेव्हा ठरवलं. त्या दिवसांत मला सगळ्यातच टोमणा दिसत होता.

नाताळ आम्ही दोघांनी नांदेडला बाबांबरोबर केला आणि दुसऱ्या दिवशी परतलो. त्या वर्षी येळवस नाताळनंतर पाचव्या दिवशी आली. लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव कुलपं लावून रानात जातं. प्रत्येकाच्या रानात कडब्याच्या पेंढ्यांची एक छोटी खोप उभी करतात, तिला कोप म्हणतात. आत पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांना चुन्यानं पोतारायचं आणि वरून कावेचे तांबडे पट्टे ओढायचे. मग पूजा, आणि मग जेवण: पालेभाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात. घरात त्या दिवशी कुणी म्हणजे कुणीच थांबत नाही.

बँकेला सुट्टी नव्हती. नवऱ्यानं रजा काढली, मी अर्धा दिवस मागून घेतला. दुपारी एसटीनं फाट्यावर उतरले, नवरा मोटारसायकल घेऊन उभा होता. साडी बदलायला म्हणून घरी थांबलो. कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि बैठकीतच थबकले. पुठ्ठ्याचा गोठा जागेवर होता. आत एकही मूर्ती नव्हती.

नवरा म्हणाला, सकाळी आईनं टोपल्यात काहीतरी पदराखाली झाकून नेलंय, मला वाटलं उंडे असतील. रानात पोचेपर्यंतची ती दहा मिनिटं मी मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

रानात पंधरावीस माणसं होती. ज्वारी कमरेएवढी झालेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, आणि बांधाजवळ कोप. मी पाहुण्यांना ओलांडून सरळ कोपीपाशी गेले आणि वाकून आत पाहिलं. पाच पांडव पांढरेशुभ्र. आणि त्यांच्या डाव्या अंगाला, कडब्याच्या आडोशाला, माझ्या बाबांच्या नऊ मूर्ती. त्याही पांढऱ्याशुभ्र. नखशिखांत चुन्यानं पोतारलेल्या, प्रत्येकाच्या अंगावर कावेचे आडवे पट्टे. मरीयेची निळी शाल गेली होती, राजांचे मुकुट गेले होते, बाळाच्या भुवया गेल्या होत्या. गाय तेवढी पहिल्यापेक्षा बरी दिसत होती.

आमच्या घरच्या कायद्यानं या मूर्तींना माझ्याशिवाय कुणी हातसुद्धा लावायचा नव्हता. मी मागे वळले. आत्याबाई पातेल्यातली भज्जी ढवळत उभ्या होत्या, हाताच्या बोटांना चुना. पाहुण्यांसमोर बोलायचं की नाही याचा मी एक क्षण विचार केला, आणि बोलायचंच असं ठरवलं होतं, एवढ्यात चुलतसासूबाई कोपीत डोकावल्या. औंदा पांडवांसंगं हे कोण आणून बसवलंय, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. माणसं वळून बघायला लागली.

आत्याबाईंनी पळी पातेल्यावर ठेवली.

"ही आमच्या सुनेकडची माणसं हायत. ही बाळंतीण हाय, ते तिचं लेकरू. हे तिघं पाव्हणे बाळंतविडा घेऊन आलेत. सगळं गाव रानात आलं, मग ओल्या बाळंतिणीला घरात एकटी कशी ठिवावी?"

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं मान डोलावली, खरं हाय म्हणून. पण चुलतसासूबाई सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग घरावर टांगलंय ते काय, असं त्यांनी विचारलं.

"त्या लेकराची चांदणी हाय ती. कंदील न्हाई. मी तवा तुला खोटं सांगितलं."

एवढं बोलून त्यांनी पळी उचलली आणि पत्रावळींवर भज्जी वाढायला घेतली. मी तिथेच उभी होते. नवऱ्यानं खुणेनं बस म्हटलं तेव्हा कुठे बसले.

जेवताना मला रडू फुटलं. आंबील फार आंबट झालीय, ठसका लागला, असं मी शेजारणीला सांगितलं. राग गेला होता असं मुळीच नाही. बाबांचं काम पुसलं गेलं होतं आणि त्याचा राग मला चांगलाच होता. पण मी इतके दिवस ज्या बाईवर दात धरून होते ती बाई ही नव्हती, हेही कळत होतं.

माणसं पांगल्यावर मी पुन्हा कोपीशी गेले, मूर्ती उचलायला. तेव्हा दिसलं की मरीयेच्या अगदी शेजारी एक दगड आहे. पांडवांपेक्षा लहान, मुठीएवढा, चुना नीट बेतानं लावलेला, वर पदरासारखा एक तांबडा पट्टा. हा सहावा कुणाचा, असं मी आत्याबाईंना विचारलं. त्या बिंदगं, म्हणजे आंबिलीचं मातीचं भांडं, विसळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तिच्या सोबतीला ठिवली. एक तरी बाई नको का जवळ?"

तो टोमणा नव्हता तर. महिनाभर त्यांच्या मनात ती बाळंतीण होती, आणि मी मात्र त्यांच्यासमोर पेपर मांडून बसले होते.

घरी आल्यावर मी ओल्या फडक्यानं योसेफ घासून बघितला. चुना निघाला, त्याबरोबर दाढीही निघाली. योसेफ एकदम कॉलेजात जाणारा पोरगा दिसायला लागला. घाबरून मी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, अडखळत, मधेच त्यांची माफी मागत. बाबांनी बाळालाही चुना लावलाय का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तर म्हणाले, घासू नकोस, राहू दे. बाकीच्यांना पण हात लावू नकोस. मग त्यांनी त्या दगडाबद्दल पुन्हा विचारलं, कुठे ठेवला होता, किती अंतरावर, तोंड कुणाकडे. चित्रकलेचा मास्तर, त्याला मांडणी कळल्याशिवाय चैन पडेना. शेवटी म्हणाले की मूर्ती मीच केल्या, इतकी वर्षं बघतोय, ती बाई तिथे एकटी आहे हे मला कधी दिसलं नाही.

मी मूर्ती पुन्हा पुठ्ठ्याच्या गोठ्यात मांडल्या, चुन्यासकट. दगड आत्याबाईंनी स्वतः आणून मरीयेजवळ ठेवला. पुढचा आठवडाभर खोलीचा विषय मी काढला नाही आणि नवऱ्यानंही काढला नाही. पण खोली रद्दही केली नाही. माझा स्वभाव असा आहे, की चूक झाली हे कळल्यावरही दोनचार दिवस मी ती तशीच धरून बसते. शिवाय मनात येत होतं, एक येळवस गोड झाली म्हणजे बारा महिने गोड जातील असं थोडंच आहे. गावातले पाण्याचे, शौचालयाचे, रोजच्या एसटीचे हाल तर होतेच.

सहा जानेवारीला संध्याकाळी मी स्टूल घेऊन चांदणी उतरवली. मग बैठकीत बसून मूर्ती आवरायला घेतल्या. आईच्या जुन्या साडीचे तुकडे आहेत, एकेका मूर्तीला एकेक ठरलेला. राजे झाले, मेंढपाळ झाले, गाय झाली. आत्याबाई जवळच जमिनीवर लसूण निवडत बसल्या होत्या. नऊ मूर्ती गुंडाळून झाल्या आणि दगड तेवढा उरला. मी त्याला हात लावला नाही. आत्याबाईंना म्हटलं, आमच्याकडे ज्यानं मांडलं त्यानंच काढायचं असतं, ही तुम्ही मांडलीय.

त्यांनी लसणाचे हात पदराला पुसले. उठून आत गेल्या, आपल्या एका विटक्या लुगड्याचा काठ फाडून आणला, दगड त्यात गुंडाळला आणि खोक्यात मरीयेच्या शेजारी ठेवला. मी वर झाकण घातलं, दोरी बांधली. त्या दोरीकडे बघत त्यांनी विचारलं, "खोलीत सकाळचं ऊन येतं का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं जोरात मान हलवली, मी नाही सांगितलं म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, त्याला कशाला बघतीस, खोलीवाल्याची बहीण मुरुडला दिलीय, ती आपल्याच पाव्हण्यांतली. मला महिना झाला म्हाईत होऊन. महिना झाला, म्हणजे नाताळच्या आधीपासून. येळवशीच्याही आधीपासून. मी जाणार हे ठाऊक असताना त्यांनी त्या पंधरावीस माणसांत ते सगळं सांगितलं होतं. त्या बदल्यात मला थांब म्हणायचा एक शब्दही त्यांनी तोंडातून काढला नव्हता. मला मान वर करता येईना.

येतं ऊन, मी म्हटलं.

मग बरं हाय, असं म्हणून त्या मागच्या दारानं म्हशीच्या गोठ्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा हातात कडब्याची एक पेंढी होती. लांब, सरळ ताटांची, निवडून घेतलेली, दोन ठिकाणी सुतळीनं बांधलेली, पाचोळा काढून स्वच्छ केलेली. येळवशीच्या कोपीतलीच होती. त्यांनी ती माझ्या खोक्याला टेकवून उभी केली.

"तिकडं अहमदपुरात तुला कडबा कुणी द्यायचा? पुढल्या वर्षी त्या बाळंतिणीच्या डोक्यावर घालायला ऱ्हाऊ दे."

नवरा उठून बाहेर गेला. मी पेंढीवर हात ठेवून बसले. मग म्हटलं, खोली घेत नाही आम्ही. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, खरं बोलतेय की नुसतं बोलतेय ते बघतात तसं. मग लसणाचं सूप ओढून घेतलं, एक कुडी सोलली, दुसरी सोलली.

"मग ही पेंढी म्हशीला टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "डिसेंबरात लागेल."